वठलेल्या झाडाचें बिऱ्हाड



नाशिकहून त्र्यंबकेश्वर व तेथून पुढें हरसूलकडे जाणारा रस्ता आपल्यापैकीं पुष्कळांच्या परिचयाचा आहे. गतवर्षीं पावसाळा ओसरल्यावर वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांसह या वाटेनें जाण्याचा योग आला. साग, ऐन, हेद, कळंब, खैर, धावडा अशीं झाडें ओळखीत आम्ही चाललों होतों. एका वळणावर एक वठलेलें झाड उभें दिसलें. पान एकही नाहीं, साल अर्धीअधिक गळून पडलेली, फांद्यांचीं टोकें मोडलेलीं, खोडावर लहानमोठीं भोंकें.

दिंडोरीकडील एका द्राक्षबागाईतदाराचा मुलगा आमच्याबरोबर होता. तो म्हणाला, "सर, हें झाड मेलेलें आहे, तरी तोडून कां टाकीत नाहींत? असें खोड आमचे वडील बागेजवळ एक दिवस राहूं देणार नाहींत. त्यांतून भुंगेरे निघतात आणि वेलांना लागतात." दुसरा विद्यार्थी पेठ तालुक्यांतला. तो हंसून म्हणाला, "आमच्या गांवीं तें इतके दिवस उभेंच राहिलें नसतें. माझ्या आईनें चुलीसाठीं केव्हांच फोडून आणलें असतें."

दोघांचेंही बोलणें अनुभवाचें होतें. तरीही तें झाड तेथेंच उभें राहावें, असें मला मनापासून वाटत होतें. तसें कां वाटावें, याचें उत्तर रस्त्यावर उभें राहून चार वाक्यांत देतां येण्याजोगें नव्हतें. म्हणून तें येथें सविस्तर लिहीत आहें. विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या पालकांनींही तें वाचावें, अशी विनंति आहे. कारण बाग व चूल या दोन्ही त्यांच्याच हातीं आहेत.

भुंगेरा कोणास म्हणावें?

पूर्ण वाढलेल्या बहुतेक कीटकांना पंखांच्या दोन जोड्या असतात. भुंगेऱ्यांत पुढची जोडी टणक होऊन तिचीं झांकणें बनतात, आणि उडण्याचे नाजूक पंख त्या झांकणांखालीं घडी घालून ठेवलेले असतात. काजवा, शेणकिडा, धान्यांतले टोके हे सर्व या लक्षणानें भुंगेरेच ठरतात. भुंगेऱ्यांच्या सुमारें चार लाख जातींची आजवर नोंद झाली आहे. पृथ्वीवरील ज्या प्राण्यांना शास्त्रांत नांव मिळालें आहे, त्यांच्या दर चार जातींत एक जात भुंगेऱ्याची भरते.

फुलांवर गुंजारव करणारा मोठा काळा भुंगा, ज्याला कवि भ्रमर म्हणतात, तो मात्र भुंगेरा नव्हे. तो मधमाशीच्या गोतांतला आहे. पण तोही वाळलेल्या लाकडांत भोंक पाडून घर करतो. कोरडें काष्ठ पोखरणारा भ्रमर कोंवळ्या कळींत मात्र सांपडून राहतो, हा ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायांतील दृष्टांत आपण मराठीच्या तासाला शिकलों आहों. भ्रमर लाकूड पोखरतो, हें निरीक्षण आपल्या भाषेंत सातशें वर्षांहून जुनें आहे.

एकामागून एक येणारे भाडेकरी

झाड मेलें म्हणजे तें रिकामें झालें, असें आपणांस वाटतें. वस्तुतः तें त्याच वेळीं भरूं लागतें. त्यांत राहावयास येणाऱ्यांचा एक क्रम असतो. मागाहून येणाऱ्यांसाठीं आधींचे जागा तयार करून जातात.

पहिले भाडेकरी झाड ताजें मेलेलें असतांना येतात. साल आणि लाकूड यांच्यामध्यें रसाळ व पौष्टिक असा पातळ थर असतो. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या माद्या आणि रत्नासारखे चमकणारे कांहीं भुंगेरे सालीच्या फटींत अंडीं घालतात. अंड्यांतून पांढरी, मऊ, पण बळकट जबड्याची अळी निघते. हिलाच आपण भिरूड म्हणतों. ती सालीखालीं वांकडेतिकडे बोगदे कोरीत जाते. कांहीं जातींची अळी कांहीं महिन्यांत, तर कांहींची दोन-दोन वर्षांनीं भुंगेरा होऊन बाहेर पडते. शांत वेळीं अशा खोडाला कान लावला तर तिच्या दातांची कुरकुर ऐकूं येते.

दुसरे भाडेकरी घुण. हे सालीच्या आंतील पांढऱ्या लाकडांतील पिष्ट खातात आणि मागें पिठासारखा बारीक भुसा टाकतात. घरांतील बांबूच्या टोपलीखालीं सकाळीं पिवळसर पीठ पडलेलें आपण पाहतों, तें त्यांचेंच काम. घुणानें कोरतां कोरतां लाकडावर एखादें अक्षर सहज उमटावें, त्याप्रमाणें हेतूवांचून घडलेल्या गोष्टीला आपल्या पूर्वजांनीं 'घुणाक्षरन्याय' असें नांव दिलें. याच सुमारास आणखी एक चमत्कारिक कुळ येतें. त्यांतले इवलेसे भुंगेरे लाकूड खात नाहींत. ते आपल्याबरोबर बुरशीचें बीज आणतात, बोगद्यांच्या भिंतींवर तिची शेती करतात आणि त्या पिकावर आपलीं पिल्लें पोसतात. बागलाणांत डाळिंबाच्या खोडांना टांचणीएवढीं छिद्रें पाडणारा भुंगेरा याच कुळांतला आहे.

तिसरी पाळी बुरशी व अळंबी यांची. लाकूड ज्या द्रव्यांचें बनलेलें असतें तीं फार थोड्या प्राण्यांना पचतात. बुरशी त्यांची घट्ट वीण उसवून लाकूड मऊ करते. भीमाशंकरच्या रानांत भर पावसाळ्यांत कुजकें लाकूड रात्रीं मंद उजेडानें चमकतें, तो प्रकाश अशाच एका बुरशीचा असतो. लाकूड मऊ झालें कीं गेंडा भुंगेऱ्यासारख्या मोठ्या भुंगेऱ्यांच्या जाड, वांकड्या अळ्या त्यांत वाढतात. कांहींच्या आंतड्यांत असे सूक्ष्म जीव असतात कीं त्यांच्या साह्यानें त्या लाकूड पचवितात.

शेवटीं खोड आडवें होतें आणि त्याची माती होऊं लागते. वाळवी, गोम, विंचू, पाली, बेडूक हे त्याच्या आश्रयास येतात. आंतून भुसभुशीत झालेलें खोड पावसाचें पाणी स्पंजाप्रमाणें धरून ठेवतें. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांत पाऊस धो धो पडतो, तरी उन्हाळ्यांत बायांना हंडाभर पाण्यासाठीं दूर चालावें लागतें, हें आपण जाणतांच. तेथें जमिनीवर पडलेलें एक कुजकें खोड थोडी ओल राखतें व एखादें रोप जगवितें, ही गोष्ट क्षुल्लक मानूं नये.

ढोलींतलें बिऱ्हाड

आतां पक्ष्यांकडे वळूं. सुतारपक्षी खोडावर टकटक करतो तो भुंगेऱ्यांच्या अळ्या शोधण्यासाठीं. तो आणि तांबट वठलेल्या किंवा कुजट लाकडांत आपल्या चोंचीनें ढोली कोरतात. वीण संपली कीं ते ढोली सोडून जातात, आणि मग ज्यांना स्वतः कोरतां येत नाहीं असे पिंगळे, पोपट, साळुंक्या व दयाळ तींत राहावयास येतात.

या ढोलींचें महत्त्व किती, हें आपल्या शेजारच्या खानदेशांतील एका पक्ष्यावरून कळेल. रानपिंगळा हें लहानसें घुबड शास्त्राला १८७३ सालीं माहीत झालें. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक पत्ता लागेना. तें नष्ट झालें, असें समजण्यांत येऊं लागलें. पुढें १९९७ च्या नोव्हेंबरांत पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तें शहाद्याजवळच्या रानांत पुन्हा दिसलें. एकशें तेरा वर्षें तें कोठें होतें? तें रानांतच होतें. जुन्या झाडांच्या ढोलींत पिल्लें वाढवीत होतें. तें स्वतः ढोली कोरीत नाहीं. ढोली संपल्या तर त्याचा वंश कोठें वाढावा?

वनाधिकाऱ्यांची भीति

असें असतां वठलेलीं झाडें काढून टाकण्याची चाल कां पडली? हिंदुस्थानांत वनखातें १८६४ सालीं स्थापन झालें व त्याचे पहिले मुख्य अधिकारी डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन शास्त्रज्ञ होते. जर्मनींतील वनविद्येचा कल रान शेताप्रमाणें नीटनेटकें ठेवण्याकडे होता. रानाचे कूप पाडावे, कूपांतील रोगट, वठलेलीं व वांकडीं झाडें आधीं काढावीं आणि सरळ, किंमती झाडांना वाव द्यावा, असा परिपाठ पडला. त्यामागें लोभ होता तशीच खरी भीतिही होती.

ती भीति निराधार नव्हती. मध्यप्रदेशांत मंडला व दिंडोरी येथें (ही दिंडोरी आपल्या जिल्ह्यांतली नव्हे) सालवृक्षांचीं विस्तीर्ण रानें आहेत. सालाच्या गाभ्यांत शिरणारा एक लांब मिशांचा भुंगेरा तेथें असतो. एरवीं तो अशक्त किंवा नुकत्याच पडलेल्या झाडांत अंडीं घालतो. परंतु त्याची संख्या बेसुमार वाढली कीं तो धडधाकट झाडांवरही उतरतो. १९२० नंतरच्या दशकांत आणि पुन्हा १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत त्यानें तेथें लाखों झाडांचा नाश केला. त्याच्यावर उपाय म्हणून पावसाळ्याच्या आरंभीं थोडीं झाडें पाडून, त्यांची साल ठेंचून रस मोकळा करतात; त्या वासानें जमलेले भुंगेरे वेंचून मारतात.

या उदाहरणांतच एक महत्त्वाचा धडा आहे. हा भुंगेरा ताज्या रसाच्या वासानें येतो. जें झाड वर्षामागून वर्षें वठून उभें आहे, ज्याची साल गळली व रस आटला, त्यांत त्याला कांहींच मिळत नाहीं. उलट, कुजक्या लाकडांतील बहुतेक अळ्या जिवंत झाडांत जगूंच शकत नाहींत. म्हणजे ताजें मेलेलें झाड आणि जुनें वठलेलें झाड यांत फरक केला पाहिजे. साथ चालू असतां पहिलें दूर करणें शहाणपणाचें असेल. दुसरें दूर करून साथ आटोक्यांत येत नाहीं. पुष्कळदां त्यांतच ते पक्षी व शिकारी कीटक राहतात, जे भिरूड खाऊन तिची संख्या ताब्यांत ठेवतात.

आमच्या द्राक्षबागाईतदाराच्या मुलालाही हेंच उत्तर आहे. नाशिकच्या द्राक्षवेलांना जे खोडकिडे उपद्रव देतात, त्यांत स्ट्रोमेशियम बार्बेटम नांवाचा एक भुंगेरा आहे. तो मूळचा वाळलेल्या लाकडांतला. शेंकडों जातींच्या लाकडांत व घरांतील सामानांतही तो आढळतो. जुन्या वेलांच्या खोडांत शिरून तो मोठें नुकसान करतो. म्हणून बागेंतील सुटलेली साल काढणें, वाळलेल्या खोडांचे ढीग बांधावर न ठेवणें, पावसाळ्याच्या तोंडावर रात्रीं दिव्यांनीं भुंगेरे पकडणें, हें त्याच्या वडिलांचें धोरण अगदीं योग्य आहे. पण बाग ही एका वेलाची वसाहत आहे. तेथें एका किड्याला मोकळें रान मिळतें. खऱ्या रानांत शेंकडों झाडें, हजारों कीटक आणि त्यांचे तितकेच शत्रु एकमेकांवर नजर ठेवून असतात. बागेचा कायदा रानाला लावूं नये, आणि रानाचा बागेला.

ज्यांनीं साफसफाई केली त्यांचा पश्चात्ताप

ज्या युरोपांतून ही नीटनेटकी वनविद्या आली, तेथें आतां काय म्हणतात तें पाहण्याजोगें आहे. चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें ऑक्सफर्डजवळच्या एका रानाचा अनेक वर्षें अभ्यास केला. १९६६ सालीं त्यानें लिहिलें कीं, पडलेलीं व कुजणारीं झाडें काढून टाकलीं तर रानांतील प्राणिसृष्टीचा बहुधा पांचव्या हिश्शाहून अधिक भाग नाहींसा होईल. फिनलंडांत केवळ मेलेल्या लाकडावर अवलंबून असलेल्या चार ते पांच हजार जाती मोजण्यांत आल्या आहेत. २०१८ सालीं युरोपांतील अशा सुमारें सातशें भुंगेऱ्यांच्या जातींची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं १८ टक्के जाती नष्ट होण्याच्या मार्गावर असल्याचें दिसून आलें. आतां तेथील कित्येक रानांत मुद्दाम उंच खुंट उभे ठेवतात व ओंडके तसेच पडूं देतात. गमावलेलें परत मिळविण्यास मात्र फार वर्षें लागतात.

आपल्या देशांत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. सहा खंडांतील ५५ ठिकाणच्या रानांत केलेल्या प्रयोगांचा वृत्तांत २०२१ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत आला. त्यांतील अंदाजाप्रमाणें जगांतील मेलेल्या लाकडांतून दरसाल सुमारें १,०९० कोटी टन कार्बन सुटतो, आणि त्यांतील सुमारें २९ टक्के काम कीटकांकडून होतें. उष्ण व दमट प्रदेशांत लाकूड सर्वांत लौकर कुजतें, असेंही त्यांत दिसून आलें. थंड देशांतला ओंडका दीर्घ काळ टिकतो. आपल्याकडचा थोड्या पावसाळ्यांत मातीला मिळतो. म्हणून येथें वठलेल्या झाडांचा पुरवठा एकसारखा चालू राहिला पाहिजे. एका पिढीनें सर्व झाडून नेलें, तर पुढच्या पिढीच्या भुंगेऱ्यांना राहावयास जागाच उरत नाहीं.

येथें सागाविषयींही दोन शब्द सांगणें जरूर आहे. सागाच्या गाभ्याचें लाकूड वाळवी व बुरशी यांना सहसा दाद देत नाहीं. म्हणून तर तें आपल्या दारांखिडक्यांना लागतें. पण जें आपल्याला टिकाऊ, तें कीटकांना उपासाचें. सावर, पांगारा, उंबर, सालई यांचें लाकूड मऊ. त्यांत लौकर ढोली पडते, लौकर कीटक शिरतात. जुन्या कूपांत अशीं झाडें 'बिनकामाचीं' म्हणून काढण्यांत येत. १९७४ सालीं महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झाल्यावरही कित्येक ठिकाणीं मिश्र रान तोडून एकट्या सागाची लागवड झाली. अशा रानांत झाडें पुष्कळ दिसतात, पण बिऱ्हाडें थोडीं.

चूल आणि रान

आतां राहिला पेठच्या विद्यार्थ्याचा प्रश्न, आणि तो सर्वांत कठीण आहे. मी झाडाचें महत्त्व सांगूं लागलों तेव्हां तो गप्प झाला होता. परततांना तो हळूच म्हणाला, "सर, मग माझ्या आईनें मोळी आणूं नये काय?"

रानाचा कैवार घेणाऱ्यानें या प्रश्नाला आधीं उत्तर दिलें पाहिजे. भुंगेऱ्यासाठीं कोणाच्या घरची चूल विझावी, असें सांगणारें शास्त्र खरें शास्त्र नव्हे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें पुष्कळ घरीं गॅस आला. तरी टांकी पुन्हा भरण्यास पैसे लागतात, आणि पावसाळ्यांत चुलीची ऊबही लागते. मोळी एकाएकीं सुटणार नाहीं.

पण मोळी बांधणाऱ्या बाईला विचारा: ती मुख्यत्वें बारीक, वाळलेल्या फांद्या गोळा करते, त्या हातानें मोडतात व लौकर पेटतात. मोठें खोड कुऱ्हाडीवांचून निघत नाहीं. तें बहुधा दुसऱ्याच्या भट्टीसाठीं किंवा बाजारासाठीं निघतें. आणि कीटक व पक्षी यांचीं मोठीं बिऱ्हाडें असतात तीं या जाड खोडांतच. तेव्हां साधा नेम असा करतां येईल: मनगटाएवढें तें चुलीचें, मांडीहून जाड तें रानाचें, आणि ज्याला ढोली आहे त्याला कोणींच हात लावूं नये. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क जसा दिला, तसा आपल्या सामूहिक रानाचें रक्षण व व्यवस्था करण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हातीं दिला आहे. असा नेम ग्रामसभेनेंच घालावा. बाहेरच्यानें घातलेल्या नेमापेक्षां तो अधिक पाळला जाईल.

आपल्या लोकांना हें नवें नाहीं. महाराष्ट्रांतील कित्येक देवरायांत पडलेली काडीसुद्धां उचलूं नये, असा दंडक होता. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हां इतरत्र दुर्मिळ झालेल्या वनस्पति त्यांना तेथें आढळल्या. श्रद्धेनें राखलेलें रान तेव्हां शास्त्राच्या उपयोगी पडलें.

मोळीपेक्षां मोठा शत्रु वणवा. उन्हाळ्यांत आपल्या डोंगरांवर आग लागते, तेव्हां आडवीं पडलेलीं खोडें आंतल्या सर्व जीवांसह जळून जातात. विडीचें थोटूक किंवा गवतासाठीं लावलेली काडी यांनीं एका रात्रींत जें नाहींसें होतें, तें वर्षानुवर्षांच्या मोळ्यांनींही होत नाहीं. आपल्या घरीं एवढें सांगणें प्रत्येक विद्यार्थ्याला शक्य आहे.

आपण काय करावें?

शाळेच्या आवाराच्या एका कोंपऱ्यांत, इमारतींच्या लाकडी सामानापासून दूर, मऊ लाकडाचा एक जाड ओंडका ठेवावा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं त्याची पाहणी करावी. किती भोंकें, भुसा कोणत्या रंगाचा, कोणती अळंबी उगवली, कोणता पक्षी येऊन बसला, हें तारखेसह वहींत लिहावें. ओंडका उलथवितांना विंचवासाठीं काठी वापरावी, आणि पाहून झाल्यावर तो पुन्हा होता तसा ठेवावा. तीन-चार वर्षांत ही वही कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षां अधिक शिकवील.

पेठच्या विद्यार्थ्यानें दिवाळीच्या सुट्टींत घरीं जाऊन आईला मनगट व मांडी यांचा नेम सांगितला. परत आल्यावर त्यानें तिचें उत्तर मला कळविलें. ती म्हणाली, "जाड खोड मी कधीं आणलें? तें माझ्यानें उचलवतें का? आणि ढोलीचें झाड तर आम्ही तोडीतच नाहीं. त्यांत पिल्लें असतात." त्या माउलीला जें ठाऊक होतें, तें समजावून घेण्यास आम्हांस एवढा लेख लिहावा लागला.